घाटातला रेल्वेमार्ग: आखणी पक्की होण्याआधी पर्यावरणाचा हिशेब कसा मांडायचा

रेल्वेमार्गाच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल हातात आला की आधी शेवटची परिशिष्टं उघडावीत. बोगद्यातून आणि कटिंगमधून निघणारा राडा कुठे टाकणार, हे तिथे असतं. गावाचं नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि किती घनमीटर मावेल याचा आकडा दिसला, तर पुढचं वाचायला बसावं. ‘राड्याची योग्य ठिकाणी विल्हेवाट लावली जाईल’ एवढंच असेल, तर अहवाल खुर्चीत बसून लिहिलाय असं समजायला हरकत नाही.

घाटात रूळ स्वतः फार नासधूस करत नाहीत. नुकसान होतं ते वळवलेल्या पाण्याने, उपसलेल्या दगडमातीने आणि त्यासाठी काढलेल्या रस्त्यांनी. म्हणून पुढची पद्धत या तीन गोष्टींभोवती मांडली आहे. उदाहरण म्हणून कोकण आणि देश जोडणारा घाटमार्ग धरला आहे, म्हणजे वैभववाडी–कोल्हापूर या सुमारे १०७ किलोमीटरच्या प्रस्तावित मार्गासारखा. खाली वहाळ, वर जांभ्याचे सडे (सपाट कातळी पठारं), मध्ये सह्याद्रीची उभी धार आणि पलीकडे ऊस, अशी जमीन असलेला.

आधी कायदा, कारण तिथेच पहिली फसगत होते

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या परिशिष्टात महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, बंदरं आहेत, रोपवेसुद्धा आहे. रेल्वेमार्ग नाही. त्यामुळे नव्या मार्गाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि त्या अधिसूचनेखालची जनसुनावणीही होत नाही. भूसंपादनाचंही तसंच. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत रेल्वे अधिनियम १९८९ आहे. त्याखाली जमीन घेतली की भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू होतात, पण सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची सक्ती राहत नाही.

म्हणजे मोकळं रान, असा मात्र याचा अर्थ नाही. मार्गाचा प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुठल्या ना कुठल्या कायद्यात अडकतो. वनजमीन आली की १९८० चा वन संवर्धन कायदा. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचं नाव आणि काही सवलती बदलल्या, तरी नवीन मार्गाच्या पट्ट्याला परवानगी लागतेच. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान आलं की राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती. खाडी आली की सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम. महाराष्ट्रात कांदळवन आलं की मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल: तोड बंद, भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा, सार्वजनिक प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी हवी. शहरी हद्दीतल्या झाडांना १९७५ चा कायदा, ग्रामीण झाडतोडीला १९६४ चा.

हमखास सुटणारी गोष्ट खाणीची. रेल्वेमार्गाला पर्यावरण मंजुरी लागत नसली, तरी त्याला खडी पुरवणाऱ्या दगडखाणीला लागते. भरावाच्या मातीला मार्च २०२० मध्ये दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली. त्यानंतरचे नियम काम सुरू होण्याच्या तारखेला तपासावेत. जुन्या अहवालातला परिच्छेद उचलून चिकटवू नये. क्रशर आणि काँक्रीटच्या बॅचिंग प्लँटला प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची आणि चालवण्याची, अशा दोन वेगळ्या संमती लागतात.

सूट आहे म्हणून अभ्यास टाळला तर काय होतं, ते कॅसलरॉक–कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणात दिसलं. गोव्यातल्या भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या या कामाला स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी मागे घेतली. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सखोल अभ्यास करून पुन्हा यायची मुभा ठेवली, म्हणजे सुरुवातीला करायचं काम वर्षानुवर्षांनी करायची वेळ आली. त्याआधी १९९२ मध्ये गोव्यातल्याच कोकण रेल्वेच्या मार्गाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली होती. त्या निकालाच्या जोरावर आजही ‘रेल्वेला काही लागत नाही’ म्हणणारे भेटतात. तीस वर्षांत न्यायालयांची नजर बदलली आहे.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी ईआयए सक्तीचा नव्हता, तरीही कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या नियमांमुळे तो झाला. ठाणे स्थानकाची रचना बदलून बाधित कांदळवनांचा आकडा सुमारे ५३ हजारांवरून २२ हजारांच्या आत आणला गेला. रचना बदलायला वाव असतानाच झाडं वाचली. आराखडा गोठल्यावर फक्त भरपाई उरते.

हद्द: रुळाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक मीटर मोजून भागत नाही

दोन्ही बाजूंना अमुक मीटर, असा सरळ पट्टा काढून त्यात सगळं बसवायचं, ही सवय महामार्गांच्या अहवालांतून आली. घाटात ती चालत नाही. अभ्यासाची हद्द विषयागणिक वेगळी ठेवावी. माती आणि झाडांसाठी संपादनाची रुंदी आणि तिच्या बाहेर पाचशे मीटर. पाण्यासाठी मीटर नाहीतच: मार्ग ज्या ओढ्यांना छेदतो त्यांचा वरचा संपूर्ण पाणलोट, आणि खाली पहिलं गाव किंवा पहिला बंधारा येईपर्यंतचा प्रवाह. वन्यप्राण्यांसाठी दोन जंगलांना जोडणारा भ्रमणमार्ग, मग तो दहा किलोमीटर लांब का असेना. आवाजासाठी शेवटचं घर. आणि खाण, डंपिंग यार्ड, मजुरांच्या वसाहती, गर्डर ओतण्याचं आवार, तात्पुरते रस्ते हे सगळं हद्दीच्या आत. ते ‘ठेकेदाराच्या अखत्यारीत’ ढकलून बाहेर काढू द्यायचं नाही.

यासाठी लागणारे नकाशे फार महाग नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या टोपोशीट, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरची उंचीची माहिती, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे त्याच प्रमाणातले दरडप्रवणतेचे नकाशे, वनखात्याच्या कक्षांच्या सीमा. यांच्यावर भूमी अभिलेखाचे गावनकाशे बसवायचे. इथे थोडा घाम निघतो, कारण जुने गावनकाशे उपग्रहचित्राशी जुळत नाहीत. प्रत्येक गावात विहीर, देऊळ, तिठा अशा चार-पाच पक्क्या खुणा जीपीएसने घेऊन ते ताणून बसवावे लागतात. वीस-तीस मीटरची चूक राहिली, तर देवराई कागदावर संपादनाबाहेर आणि प्रत्यक्षात जेसीबीखाली जाते.

सातबाऱ्यावरही डोळे मिटून विसंबू नये. रत्नागिरी–सिंधुदुर्गातले सडे बहुतेक वेळा पोटखराबा (लागवडीस अयोग्य) म्हणून नोंदलेले असतात. एप्रिलमध्ये तिथे काळा कातळ आणि वाळलेलं गवत दिसतं, आणि आखणी करणाऱ्याला वाटतं, फुकटची जमीन मिळाली. त्याच सड्यावर जुलै ते सप्टेंबर कीटकभक्षी ड्रॉसेरा, युट्रिक्युलारियाचे निळे गालिचे, कातळातल्या डबक्यांत बेडकांची पिल्लं. काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत; कोकणातली अशी शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. शिवाय सडा म्हणजे खालच्या वाडीची पाण्याची टाकी. पाऊस जांभ्यात मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यातून मेपर्यंत झिरपत राहतो.

पाणी: बादली आणि घड्याळ

भूजलाचं प्रारूप संगणकावर नंतर करा. आधी मे महिन्यात, वळीव पडायच्या आत, मार्गाच्या आखणीच्या वर आणि खाली प्रत्येक झरा चालत जाऊन शोधा. गुराखी आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय निम्मे झरे सापडत नाहीत. प्रत्येकाचं स्थान, समुद्रसपाटीपासूनची उंची, कोणत्या खडकातून पाणी येतं, कोण वापरतं, आणि प्रवाह किती, एवढं नोंदवायचं.

प्रवाह मोजायला यंत्र लागत नाही. दहा लिटरची बादली धारेखाली धरायची, भरायला लागलेले सेकंद मोजायचे, तीनदा करून सरासरी घ्यायची. चाळीस सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला पाव लिटर. दिवसाला २१,६०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ही धार जवळपास ३९० माणसांना पुरते. नकाशावर न दिसणारी बोटभर जाडीची धार, आणि तिच्यावर एक अख्खी वाडी. ‘प्रकल्पक्षेत्रात लक्षणीय जलस्रोत आढळले नाहीत’ हे वाक्य लिहिताना असल्याच धारा वगळल्या जातात.

मग भूरचना. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखं नसतं. दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यात, सच्छिद्र माथ्यात, भेगांत आणि डाइकच्या (खडकात घुसलेल्या उभ्या भिंतीसारख्या थराच्या) कडेला ते धावतं. कोकणाकडे जांभ्याखाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती, लागते, आणि जांभा–शेडीच्या सांध्यावर झरे फुटतात. बोगद्याने किंवा खोल कटिंगने हा सांधा कापला की दोन गोष्टी एकदम होतात: झऱ्याचं पाणी कटिंगमध्ये येतं आणि ओली शेडी वरच्या जांभ्यासकट घसरते. पर्यावरणाचा प्रश्न आणि गाडीच्या सुरक्षेचा प्रश्न इथे एकच असतो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडीचे दगड रुळावर येऊन अपघात झाले. दोन्ही वेळा पावसाळ्याचं तोंड होतं. पेडणे बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल आल्याने वाहतूक थांबवावी लागली, तीही मार्ग सुरू होऊन पाव शतक उलटल्यावर.

म्हणून बोगद्याच्या प्रत्येक आखणीसाठी लांबीचा भूवैज्ञानिक छेद मागा, आणि त्यावर झऱ्यांच्या उंच्या मांडा. बोगद्याच्या तळापेक्षा उंचावर असलेला, त्याच लाव्हाप्रवाहातून फुटणारा प्रत्येक झरा धोक्यात आहे असं धरून चालायचं. नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आखणी करणाऱ्याची. बोअरहोलमध्ये नुसते खडकाचे गाभे काढून भागत नाही, दाबाने पाणी सोडून पाझर मोजावा लागतो.

पाणी थोपवायची रसायनंही तपासावीत. स्वीडनमधल्या हाल्लान्दसोस रेल्वे बोगद्याचं काम १९९२ मध्ये सुरू झालं. गळती थांबवायला वापरलेल्या रसायनातलं ॲक्रिलामाइड १९९७ मध्ये ओढ्यात उतरलं, मासे मेले, गाई लुळ्या पडल्या, काम थांबलं. गाडी धावायला डिसेंबर २०१५ उजाडलं. ग्राउटिंगच्या, म्हणजे भेगा बुजवण्याच्या, मालाची सुरक्षापत्रकं परिशिष्टात जोडायची अट त्यामुळे क्षुल्लक नाही.

पृष्ठभागावरच्या पाण्याला भराव म्हणजे बांधच. प्रत्येक ओहोळ, पऱ्या, वहाळ साखळीच्या, म्हणजे मार्गाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराच्या, क्रमाने नोंदवा आणि त्याची मोरी वेगळी मोजा. समजा, वरचा पाणलोट ४० हेक्टर आहे, उतार आणि कातळ पाहून वाहून येण्याचा गुणांक ०.७ घेतला, आणि तासाला १०० मिलिमीटर पावसाची तीव्रता धरली. प्रवाह = ०.७ × १०० × ४० ÷ ३६० = सुमारे ७.८ घनमीटर प्रतिसेकंद. दोन मीटर व्यासाचा एक पाइप पूर्ण भरून, सेकंदाला अडीच मीटर वेगाने वाहिला तर नेमकं एवढंच पाणी नेतो. कागदावर पास. पण घाटातला पहिला मोठा पाऊस ओंडके, पालापाचोळा, गोटे घेऊन येतो. पाइप तिसऱ्या हिश्श्याने चोंदला की वरच्या शेतात तळं, आणि तळ्याने भराव फोडला की खालच्या वाडीवर लोंढा. अशा ठिकाणी पाइप नको, चौकोनी मोरी घ्या, तळ ओढ्याच्या मूळ पातळीच्या किंचित खाली ठेवा, म्हणजे गाळ बसून नैसर्गिक तळ तयार होतो आणि मासे, खेकडे चढू शकतात. पंचवीस चौरस किलोमीटरपेक्षा लहान पाणलोटांसाठी रेल्वेच्या संशोधन संस्थेचा (आरडीएसओ) आरबीएफ-१६ अहवाल आहे. त्यातली पद्धत वापरावी, पण पावसाचे आकडे जवळच्या केंद्राचे आणि जुलै २०२१ धरूनच घ्यावेत. चिपळूण बुडालेला आणि तळियेवर दरड कोसळलेला तो पाऊस वगळून केलेला हिशेब कोकणात कोणी मानू नये.

खाडीकाठी गणित उलटं. गोव्यातली खाजणं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं) बांध आणि मानशीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या, दारांवर जगतात: भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं, खारं पाणी बाहेर. भरावाने एक मानस मागे पडली, की मागच्या शेतात एक तर गोडं पाणी तुंबतं किंवा खारं शिरतं. इथे मोरी मोजताना पावसाच्या जोडीला भरतीची पातळी आणि दार उघडं राहण्याचे तास हिशेबात हवेत. मऊ चिखलावर भराव खचतो तेव्हा बाजूचा चिखल वर फुगतो, बांध फुटतात. खाजणात खांबांवरचा पूल महाग वाटला तरी बहुतेक वेळा तोच स्वस्त पडतो.

राडा, माती, खडी

एक किलोमीटर लांब, सहा मीटर उंच भराव घ्या. एकेरी मार्गासाठी माथ्याची रुंदी ७.८५ मीटर, बाजूंचा उतार दोनास एक. पायथा ३१.८५ मीटर होतो. छेदाचं क्षेत्रफळ ११९ चौरस मीटर, म्हणजे किलोमीटरला १ लाख १९ हजार घनमीटर दाबलेली माती. सैल माती सुमारे १.३ पट भरते: १ लाख ५५ हजार. डंपरमध्ये १४ घनमीटर मावतात असं धरलं, तर अकरा हजार खेपा, जाऊन-येऊन बावीस हजार फेऱ्या. कोकणात ऑक्टोबर ते मे मिळून कामाचे दिवस दोनशे धरा, दिवसाचे दहा तास धरा: गावातल्या त्या एका रस्त्यावर दर साडेपाच मिनिटांनी एक डंपर, अख्खा हंगाम. धुळीचा, आवाजाचा, शाळकरी मुलांच्या जिवाचा धोका याच आकड्यात आहे. अहवालात हवेचे नमुने चार ठिकाणी घेतलेले असतात आणि हा एक आकडा नसतो.

आता बोगदा. एकेरी बोगद्याचा छेद ४५ चौरस मीटर धरू. प्रत्यक्ष आकडा आराखड्यातून घ्यावा. किलोमीटरला ४५ हजार घनमीटर. सुरुंगाने दहा टक्के जादा फुटतं, फुटलेला दगड दीडपट फुगतो: ७४ हजार घनमीटर. पाच मीटर उंचीचा ढीग केला तरी दीड हेक्टर निव्वळ, उतार, चर आणि पायथ्याची भिंत धरून दोन हेक्टर. घाटात सपाट दोन हेक्टर मोकळी जागा सापडत नाही, म्हणून राडा रात्रीत दरीत ढकलला जातो. म्हणून राड्याची जागा बोगद्याच्या तोंडाच्या बरोबरीने ठरली पाहिजे. जागा निवडताना ओढ्याच्या पूररेषेपासून दूर, पंधरा अंशांहून कमी उतारावर, आधी गॅबियनची (जाळीत भरलेल्या दगडांची) भिंत आणि वरचं पाणी वळवणारा चर, मग पहिला डंपर. उलट क्रमाने केलं तर पहिल्याच जुलैत ढीग नदीत असतो.

राड्यातला चांगला बेसॉल्ट खडी म्हणून वापरता येतो का, हे बोअरहोलच्या गाभ्यांवरच तपासून घ्यावं. एका किलोमीटर एकेरी मार्गाला साधारण दोन हजार घनमीटर बॅलास्ट (रुळाखालची खडी) लागतो, स्लीपर १,६६० लागतात; बोगद्यातला दगड उतरला तर एखादी खाण उघडायची टळते. लाल बोल (लाव्हाप्रवाहांमधला मातकट थर) आणि सच्छिद्र खडक यासाठी चालत नाही. तो भरावात जाऊ शकतो.

वरची सुपीक माती पंधरा-वीस सेंटिमीटर आधी खरवडून वेगळी ठेवावी, ढीग दोन मीटरांपेक्षा उंच नको, नाहीतर आतली माती मरते. हे काम दरपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून नसेल, तर कोणीही करत नाही.

प्राणी

गोंदिया–बल्लारशाह मार्गावर चिचपल्लीजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले. मार्ग जुना, जंगल जुनं. तरी हे घडलं. नव्या मार्गासाठी म्हणूनच ‘या भागात वाघाची नोंद नाही’ हा वनखात्याचा दाखला पुरत नाही. किमान दोन ऋतू कॅमेरा ट्रॅप, पाणवठ्यांवर आणि मार्ग जिथे ओढ्याची घळ ओलांडतो तिथे. ठसे, विष्ठा, आणि शेजारच्या रस्त्यांवर मेलेल्या प्राण्यांची वर्षभराची नोंद. मेलेले साप आणि बेडूकसुद्धा मोजायचे. पहिल्या पावसाच्या रात्री घाटरस्त्यावर चालत गेलं, की ओलांडण्याच्या जागा आपोआप दिसतात.

ओलांडण्याची सोय कुठे आणि किती मोठी, हा निर्णय साखळीच्या ठिकाणी झाला पाहिजे. नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचजवळ ५० ते ७५० मीटर लांबीच्या नऊ संरचना बांधल्या. त्यांखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. रेल्वेला वेगळा फायदा असा, की घाटात दऱ्या ओलांडायला पूल लागतातच. भराव टाळून पूल दोन गाळे लांबवला, तर पायथ्याशी कोरडी वाट उरते. पण त्या वाटेवर नंतर राडा टाकायचा नाही, कुंपण घालायचं नाही, ठेकेदाराची पत्र्याची शेड नको. शेकरूसाठी दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे जुळलेले राहतील असे अरुंद तुकडे शोधावेत. तिथे बोगद्याचं तोंड शंभर मीटर पुढे नेलं तर छत्र टिकतं. खोल, उभ्या भिंतींची कटिंग ही सर्वांत वाईट: आत आलेला प्राणी बाहेर पडू शकत नाही आणि गाडीपुढे धावत सुटतो. तिथे दर काही अंतरावर भिंत तिरकी करून पळवाट ठेवावी.

मेळघाटातून जाणाऱ्या अकोला–खंडवा जुन्या मीटरगेजच्या रुंदीकरणाचा वाद हाच होता. व्याघ्रप्रकल्पाबाहेरून वळसा लांब पडतो, पण तुलना करताना किलोमीटरच्या जोडीला आतल्या मार्गावर लागणारे भुयारी मार्ग, वेगमर्यादा आणि रात्रीची बंधनंही खर्चात धरावी लागतात. पर्यायांचा तक्ता प्रामाणिक असेल तर वळसा तितका महाग दिसत नाही.

आवाज, हादरे, धूळ

इथे पद्धत ठरलेली आहे, लवकर आटोपतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. शाळा-दवाखान्याजवळ ५० आणि ४०. सरासरीबरोबर सर्वोच्च आवाजही नोंदवा. रात्री तीन गाड्या गेल्या तर सरासरी सुखरूप असते आणि माणूस तीनदा जागा होतो. धुळीत पीएम१० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, पीएम२.५ ची ६०.

सुरुंगाला खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकातल्या, जमिनीच्या हादऱ्याच्या वेगाच्या मर्यादा वापरतात: साध्या घरांसाठी आठ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटर, आठ ते पंचवीसमध्ये १०, वर १५. जुनी देवळं, वाडे यांच्यासाठी २, ५ आणि १०. पहिला सुरुंग उडण्याआधी घराघरांत जाऊन भिंतींच्या तड्यांचे फोटो काढा, तड्याशेजारी मोजपट्टी आणि तारीख दिसली पाहिजे, घरमालकाची सही घ्या. हे केलं नाही तर नंतर प्रत्येक तडा सुरुंगाचा किंवा एकही नाही, असा न संपणारा तंटा लागतो.

गुणपत्रिका नको

सगळे परिणाम एक ते पाचमध्ये मोजून बेरीज करायची, ही पद्धत अहवालात देखणी दिसते आणि फसवते. वाडीचा एकमेव झरा आटला याला उणे पाच, रोजगार वाढला याला अधिक पाच, बेरीज शून्य. अशी वजाबाकी होत नाही. प्रत्येक साखळीसमोर सर्वांत वाईट परिणाम कोणता, तो परतवता येतो का, आणि कोणाच्या वाट्याला येतो, एवढे तीन रकाने पुरेत. जे परतवता येत नाही तिथे आखणी हलवायची. रेल्वे ट्रकपेक्षा कमी इंधन जाळते हेही अहवालात जरूर असावं, पण ते पर्यायांच्या तुलनेत. स्थानिक नुकसानावर उतारा म्हणून नव्हे.

ग्रामसभा इथेच घ्या, संपादनाची नोटीस निघण्याआधी, आणि नकाशा भिंतीवर लावून. जनसुनावणीची सक्ती नाही, म्हणून ही एकच संधी. लोक जमिनीच्या भावाबद्दल बोलतील, ते बोलू द्यावं. पण पाण्याच्या वाटा, देवराईची हद्द, गुरं ओलांडायच्या जागा त्यांच्याकडूनच कळतात.

आराखडा दरपत्रकात उतरवणे

पर्यावरण व्यवस्थापनाच्या आराखड्यातलं ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘यथायोग्य’ हे शब्द खोडून काढले की खरा आराखडा किती उरतो ते दिसतं. प्रत्येक उपायाला साखळी, परिमाण, दर, जबाबदार माणूस आणि तारीख हवी. घाटात तारीख एकच: ३१ मे. तोपर्यंत तात्पुरत्या रस्त्यांखालचे पाइप, गाळ अडवणारे खड्डे, राड्याच्या ढिगांची भिंत, उघड्या उतारांवर जूट जाळी आणि वाळ्याची रोपं पूर्ण नसतील तर मे महिन्याच्या देयकातून ठरावीक टक्के अडकवायचे. दंडापेक्षा अडकलेलं देयक लवकर काम करवून घेतं.

भरपाईची झाडं कुठे लावणार, तेही पाहा. मोकळा सडा दिसला की तिथे खड्डे खणून आकेशिया लावतात. झाडं जगली तरी सडा मरतो.

शेवटची मोजणी मार्ग सुरू झाल्यानंतरच्या तीन मे महिन्यांत. त्याच झऱ्यांवर, त्याच दहा लिटरच्या बादलीने. प्रवाह निम्म्याच्या खाली गेला, तर वाडीला पाणी कोण देणार, टँकरने की नळयोजनेने, आणि किती वर्षं, हे करारात आधीच लिहिलेलं असावं. ठेकेदाराची अनामत रक्कम तिसऱ्या मेनंतरच सोडावी.